एप्रिल-मेमध्ये ठाणे-मुंबईत दीड तासाच्या वर पळूच नये

उपवनकर (धागाकर्ता)

आधी माझं म्हणणं सांगतो. एप्रिल लागला की पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत ठाणे-मुंबईतल्या हौशी धावपटूंनी रस्त्यावरचा लाँग रन (आठवड्यातली एक लांब पल्ल्याची धाव) बंद ठेवावा. दीड तास ही वरची मर्यादा. तयारी कशाचीही असो, त्यापुढे नाही.

सध्या उलटंच चाललंय. उन्हाळा आला की पळणाऱ्यांच्या ग्रुपवर ‘उन्हात घडतो तोच जानेवारीत (म्हणजे मुंबई मॅरेथॉनला) टिकतो’ असले मेसेज सुरू होतात. रविवारी सकाळी साडेआठला घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर माणसं कंपाउंडच्या भिंतीला चिकटून पळताना दिसतात, कारण सावलीची पट्टी तेवढीच उरलेली असते. ही बँकेत, शाळेत, आयटीत नोकरी करणारी, चाळिशी-पन्नाशीतली माणसं. दिमतीला ना कोच ना डॉक्टर, आणि सोमवारी नेहमीची लोकल पकडायचीच असते.

आता थोडा हिशेब. ७० किलोचा माणूस १० किमी पळाला की साधारण ७०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातला जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येतो, बाकीच्या पाचशेच्या वर किलोकॅलरी म्हणजे निव्वळ उष्णता. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर! मे महिन्यात आपल्याकडे पहाटे पाचलाही पारा २७-२८ वर आणि हवेत ८० टक्क्यांच्या आसपास दमटपणा. घाम वाळत नाही, कोपरावरून ठिबकतो, बुटात साचतो. पाणी गेलं, मीठ गेलं आणि उष्णता अंगातच राहिली. म्हणून ‘पहाटे लवकर निघा’ हा सल्ला मुंबईत अर्धाच चालतो. ऊन चुकतं, दमटपणा चुकत नाही.

पहाटे निघायचं म्हणजे साडेतीनचा गजर. भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या, त्यात मेमध्ये लग्नं, शनिवारी रात्रीची रिसेप्शनं. चार तासांच्या झोपेवर पळणाऱ्याला उष्णता आणखी लवकर बाधते. घरी यावं तर पाणीकपात, म्हणजे अंघोळ बादलीवर. दुपारी घरची सगळी आमरस-पुरीला बसतात आणि आपल्याला डोकेदुखी-मळमळीने घास उतरत नाही. घरचा एक रविवार वाया जातो, असे लागोपाठ आठ रविवार.

आणि हे सगळं कशासाठी? मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. तिथून अठरा आठवडे मागे आलात तर सप्टेंबर येतो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्याच्या उत्तरार्धात, तिची तयारी जूनमध्ये सुरू केली तरी पुरते. मेमध्ये ३० किमी पळायची गरज नक्की कोणाला आहे?

बोपदेव

मला आहे. आणि दरवर्षी कॉम्रेड्सला जाणाऱ्या शेकडो भारतीयांना आहे, त्यांत मुंबई-पुण्याचे भरपूर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्सबर्ग या दोन शहरांमधली ही शर्यत १९२१ पासून चालू आहे. अंतर ८७ ते ९० किमीच्या आसपास, एखाद्या वर्षी चढाच्या दिशेने, एखाद्या वर्षी उताराच्या. बारा तास पूर्ण झाले की बंदूक उडते आणि तुम्ही रेषेपासून दोन पावलांवर असलात तरी दार बंद. ही शर्यत जूनमध्ये असते. त्यांचा तो हिवाळा आणि आपला तयारीचा काळ मार्च ते मे. एप्रिलच्या अखेरीला पाय पाच-सहा तास चालते ठेवण्याची सवय झाली नसेल तर तिथे सत्तराव्या किलोमीटरला मांड्या साथ सोडतात. ही सवय दीड तासाच्या धावण्याने होत नाही. तेव्हा ‘तयारी कशाचीही असो’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही.

दुसरं, तुम्ही ठाण्याचा नियम ‘उन्हाळा’ या नावाने मांडताय. आमच्या पुण्यात एप्रिलची दुपार चाळिशीला टेकते, पण पहाटे पारा २०-२२ असतो आणि हवा कोरडी. बोपदेव घाट पहाटे साडेचारला सुरू केला तर पठारावर पोहोचेपर्यंत टी-शर्ट अर्धा वाळलेला असतो, त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या. सात-साडेसातपर्यंत उत्तम पळता येतं. मला विचाराल तर एप्रिलची पहाट ही पुण्यातली सगळ्यात सुंदर वेळ आहे.

तिसरं, शरीर उष्णतेला सरावतं. दहा-चौदा दिवसांत रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, तोच पेस (वेग) कमी हार्ट रेटवर निघतो. घरात पंख्याखाली बसून हे होत नाही.

उपवनकर

@बोपदेव, पुण्याबद्दल मान्य, म्हणून तर शीर्षकातच ठाणे-मुंबई लिहिलंय.

पण तुमचा तिसरा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. त्या दहा-चौदा दिवसांत रोज तासभर, फार तर दीड तास उष्णतेत व्यायाम केला की सराव होतो. त्यासाठी चार तास पळावं लागत नाही. आणि हा सराव टिकतो किती? उष्णतेतून बाहेर पडलात की काही आठवड्यांत ओसरतो. मेमध्ये कमावलेलं जानेवारीत शिल्लक राहतं ही समजूत मुळातच खोटी आहे, आणि ग्रुपवर नवख्यांना तीच ऐकवली जाते.

दोह्याचं उदाहरण घ्या. २०१९ च्या तिथल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री ठेवली. डोक्यावर सूर्य नव्हता, तरी उष्मा आणि दमटपणा होताच. ६८ जणी निघाल्या, २८ जणींनी मध्येच सोडली. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या. आपण कोण?

लिंबोणी

दोघांचंही वाचलं. दोघांच्या दिवसात सकाळी सातची स्कूल बस नाही, हे लगेच कळतं.

मी कळव्याला राहते. जून ते एप्रिल माझी सकाळ अशी: पाचला उठून दोन डबे, मुलीची वेणी, साडेसहाला तिला बसस्टॉपवर सोडणं, मग स्वतःचं आवरून ऑफिस. त्यात पळायला मिळतात आठवड्यातून तीन दिवस, चाळीस-पन्नास मिनिटं. शाळेला सुट्टी लागली की डबे थांबतात आणि मुलं आजीकडे जातात. म्हणजे वर्षभरात लांब पळण्याची संधी मला मिळते ती फक्त मेमध्ये. जूनच्या मध्याला शाळा सुरू, त्यातच पाऊस, पहाटे अंधार, रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली. ‘मेमध्ये गरज कोणाला’ असं उपवनकर विचारतात. मला गरज आहे, कारण सप्टेंबर माझ्या हातात नसतो.

आणि ते साडेतीनला उठून निघणं. बाईने पहाटे चारला खाडीपुलावरून एकटीने पळायचं? त्या वेळेला भटकी कुत्री टोळीने असतात, दारू पिऊन परतणारे असतात, बंद दिव्यांचे लांबच लांब पट्टे असतात. आम्ही चौघी ठरवून निघतो तेव्हाही पाचच्या आधी घर सोडत नाही, कारण एकीला डोंबिवलीहून लोकलने यायचं असतं. पाचला निघून अडीच तास पळायचं तर शेवटचा तास उन्हात जाणारच. तुमच्या मर्यादेने आमचा लाँग रन जातो. तुमच्या ‘लवकर निघा’ने आमची सुरक्षितता जाते. मग आम्ही काय करायचं?

सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलचा सल्ला कृपया कोणी देऊ नका. ती सहाला उघडते, पंखा एकच आहे आणि मशीनवर अर्ध्या तासाची पाळी असते.

रामटेक

नागपूरहून लिहितोय. आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो, त्यामुळे मेमध्ये सहाच्या आधीच ऊन अंगावर. दुपारी ४५. रात्री कूलर लावूनही उशी गरम लागते. तरी अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सला पहाटे गर्दी असते, पण जाणती माणसं साडेसहाला घरी. इथे उन्हाशी पैज लावणाऱ्याला कोणी शूर म्हणत नाही, घरचे ओरडतात.

आमच्या ग्रुपने एक केलंय. एप्रिल-मेमध्ये पळणं आखडतं घ्यायचं आणि सायकल काढायची. २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर) साडेतेरा तास असतात. आम्ही तसा पल्ला संध्याकाळी ऊन उतरल्यावर सुरू करतो आणि सकाळी कोवळ्या उन्हात संपवतो. सायकलवर वारा सतत अंगावर असतो, घाम वाळतो, दमही टिकून राहतो. बाटलीत कैरीचं पन्हं, मीठ जरा जास्त टाकून.

बोपदेव

@रामटेक, रात्रभर हायवेवर ट्रकच्या शेजारून सायकल हा उष्णतेपेक्षा कमी धोका आहे, हे मला पटत नाही. शिवाय सायकलने दम वाढेल, पण पळताना पायांना बसणारा मार सोसायची सवय पळूनच होते.

@लिंबोणी, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. पण मर्यादा सरसकट लादू नये असं मी म्हणतोय ते याच कारणाने.

फिजिओ_पाचपाखाडी

शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत काम करते, म्हणून दोनच गोष्टी लिहिते. बाकी वाद चालू द्या.

पहिली: ‘घाम येतोय ना, मग उष्माघात नाही’ हे चूक आहे. उन्हात बसून राहिलेल्या वृद्ध माणसाची त्वचा कोरडी पडू शकते, पळणारा मात्र घामाने निथळत असतानाच कोसळतो. ओळखायचं वागण्यावरून. असंबद्ध बोलणं, चिडचिड, तोल जाणं, आपण कुठे आहोत हे न सांगता येणं. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि कपाळाचा थर्मामीटर इथे फसवतो, त्यावर विसंबू नका. अशा वेळी आधी थंड करायचं, मग हलवायचं. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवा. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सगळ्या अंगावर, दर दोन-तीन मिनिटांनी बदलत, आणि काखेत, मानेला, जांघेत बर्फ. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, हा ताप नव्हे.

दुसरी: नुसतं पाणी ढोसू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्यांचं रक्त तपासलं त्यांच्यातल्या १३ टक्के धावपटूंचं सोडियम (रक्तातला मिठाचा अंश) कमी निघालं, आणि पळताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात हे जास्त दिसलं. तहानेप्रमाणे प्या. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत नाही. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

माझ्या मते खरा प्रश्न मिनिटांचा नाही. तुमच्या रविवारच्या धावेला बर्फ आणि टब कोणाच्या गाडीत असतो, ते सांगा.

उपवनकर

आमच्याकडे कोणाच्याच नसतो. सपोर्टच्या गाडीत केळी, चिक्की, पाण्याचे जार आणि बॅनर असतं. म्हणूनच मर्यादा हवी म्हणतोय. ज्या ग्रुपकडे कोसळलेल्या माणसाला थंड करायची सोय नाही, त्याने ३० किमीचं बोलावणं पाठवू नये.

@लिंबोणी, तुमच्यासारख्यांनी काय करावं यावर खूप विचार केला. पाचला निघून साडेसहापर्यंत रस्त्यावर पळा, थांबा, घरी या, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा तासभर. दिवसाची बेरीज अडीच तास होते आणि एका वेळी शरीर फार तापत नाही. पळणारी अनुभवी मंडळी दिवसाचे असे दोन भाग करतातच.

लिंबोणी

संध्याकाळी सातला पाहुणे असतात. मे आहे.

तरीही करून बघण्यासारखं आहे. सकाळचा भाग आम्ही चौघी बाहेर एकत्र करू, संध्याकाळचा ज्याने-त्याने आपापल्या सोसायटीभोवती. त्यात कुत्र्यांचा आणि अंधाराचा प्रश्नही येत नाही. पण हा आमचा निर्णय राहू द्या. ग्रुपने ‘दीड तासाच्या वर पळाल तर नाव कमी’ असा नियम केला तर मी विरोध करेन. असे नियम झाले की सगळ्यात आधी बायकांच्याच घरी दाखवले जातात: बघ, तुझा ग्रुपसुद्धा नको म्हणतोय.

उपवनकर

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नाव कमी करण्याचा विचार सोडला. पण ग्रुपच्या नावाने जे बोलावणं जाईल ते दीड तासाचंच असावं, यावर मी ठाम आहे.

बोपदेव

मग कॉम्रेड्सवाल्यांचं काय? तुमच्याकडून यंदा जे जाणार असतील त्यांना पुण्याला पाठवा. शनिवारी रात्री आमच्याकडे मुक्काम, पहाटे चारला खडकवासल्याच्या बाजूला, आठच्या आत संपवायचं. टब आणि बर्फाचं मी बघतो, फिजिओताईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. ठाण्यात जे चार तास जिवावर येतात ते इथे निभावतील.

उपवनकर

शनिवारी अर्ध्या लोकांना संध्याकाळपर्यंत ऑफिस असतं. मग रात्रीची गाडी, अकराला पुणे, चारला पळायचं. झोप पुन्हा तीन-चार तासच. त्यापेक्षा शुक्रवारी रात्री या आणि रविवारी पळा असं म्हणत असाल तर रजेचं बघावं लागेल. तसं जमत असेल तर तारखा टाका, मी आमच्याकडच्या कॉम्रेड्सला जाणाऱ्या तिघांना विचारतो.