लीग 2 : छोट्या क्लबची प्रमोशनसाठीची शेवटची धाव कशी मोजायची?

कॉर्नरफ्लॅग

फ्रान्सच्या लीग 2 मध्ये (फुटबॉलची दुसरी डिव्हिजन, तिच्या वर लीग 1) रोदेझ किंवा दंकर्कच्या आकाराचा क्लब पाचव्या-सहाव्या जागेवर आहे आणि सहा मॅच उरल्यात, असं धरा. नुसतं टेबल बघून अंदाज येत नाही. पाचव्या जागेला, म्हणजे प्ले-ऑफ (वर जाण्यासाठीच्या जादा मॅच) खेळायला मिळणाऱ्या शेवटच्या जागेला, साधारण किती गुण लागतात? जुने आकडे 38 मॅचचे, आता लीग 18 संघांची आणि मॅच 34, मग तुलना कशी करायची? चौथा आणि पाचवा यांत खरंच फरक पडतो का, की एकदा प्ले-ऑफमध्ये शिरलं की सगळे सारखेच? गुण सारखे झाले तर आधी काय बघतात? आणि मैदानावर प्रमोशन मिळूनही कागदावर अडकतं म्हणतात, ते कितपत खरं?

आकडेबाज

गुण नका बघू, दर मॅचची सरासरी काढा. पाचव्या क्रमांकाचे आकडे असे : 2020-21 ला पॅरिस एफसी, 38 मॅचमध्ये 64, म्हणजे 1.68. पुढच्या वर्षी सोशो 68, म्हणजे 1.79. 2023-24 ला पुन्हा पॅरिस एफसी, फक्त 59, म्हणजे 1.55. 2024-25 ला मॅच 34 झाल्या आणि गँगां 55 वर पाचवा आला, 1.62. याला 34 ने गुणलं की 53 ते 61 असा पट्टा मिळतो. 57 धरून चाला.

तुमच्या क्लबचे 28 मॅचमध्ये 45 असतील तर उरलेल्या 18 पैकी 12 हवेत. चार विजय, किंवा तीन विजय आणि तीन बरोबरी. एवढंच गणित. मात्र हा 57 पक्का नव्हे. आपल्या मागे असलेल्या क्लबची शेवटच्या दहा मॅचची सरासरी काढा. ती 1.8 च्या वर असेल तर टार्गेट 60 करा.

थेट वर जाणारी दुसरी जागा हा वेगळाच मामला आहे. 2023-24 ला आँजे 38 मॅचमध्ये 68 वर दुसरा आला (1.79), तर 2024-25 ला पॅरिस एफसीला 34 मॅचमध्येच 69 लागले (2.03).

एक खोट नेहमी राहते. फेरीतली शेवटची मॅच बऱ्याचदा सोमवारी असते. शनिवारी रात्रीचं टेबल बघून ‘तिसऱ्यावर गेलो’ म्हणून नाचू नका, आधी ‘खेळले’ हा रकाना बघा.

लेफ्टबॅक

चौथा-पाचवा-तिसरा या प्रश्नाचं उत्तर : फरक पडतो, आणि भरपूर पडतो. पहिले दोन थेट वर. चौथा पाचव्याशी एकच मॅच खेळतो, चौथ्याच्या मैदानावर. जो जिंकेल तो तिसऱ्याच्या घरी जातो, तिथेही एकच मॅच. त्यातून जो उरेल त्याची गाठ लीग 1 च्या सोळाव्याशी, दोन लेगमध्ये (एक मॅच घरी, एक बाहेर), आणि दुसरा लेग लीग 1 वाल्याच्या घरी. म्हणजे पाचव्याला वर जायला चार मॅच, त्यातल्या तीन बाहेर.

हा फॉरमॅट 2017-18 ला आला. 2020 ला कोविडमुळे आणि 2023 ला लीग 1 छोटी करायची म्हणून प्ले-ऑफ झाले नाहीत. 2025 पर्यंत झालेल्या सहा वेळांत शेवटच्या दोन लेगपर्यंत पाच वेळा तिसराच पोचला. अपवाद एकच, 2019 चा लाँस. पाचवा येऊन पॅरिस एफसी आणि त्रुआला त्यांच्याच घरी हरवलं आणि पुढे दीजाँकडून हरला (1-1, 1-3). या मार्गाने वर गेलेले तिघे, 2022 चा ओसेर, 2024 चा सेंत-एतिएन आणि 2025 चा मेत्झ, सगळे तिसरे होते.

छोट्यांचं काय झालं तेही बघा. 2024 ला रोदेझ चौथा, पॅरिस एफसीला मागे टाकून सेंत-एतिएनला गेला, 0-2. 2025 ला दंकर्क चौथा, गँगांला घरी 1-0 हरवलं आणि मेत्झमध्ये 0-1. त्या सीझनला मेत्झचे 65 गुण होते आणि दंकर्कचे 56. नऊ गुणांची दरी एका संध्याकाळी बुजवायला सांगितली तर असंच होणार. म्हणून माझ्या मते सहा मॅच शिल्लक असताना पाचव्या जागेचा बचाव करण्यापेक्षा तिसऱ्याशी थेट मॅच कधी आहे ते आधी बघा. ती झाली असेल आणि अंतर सात-आठ गुणांचं असेल तर चौथा येणं हेच खरं ध्येय, कारण निदान पहिली मॅच तरी घरी मिळते.

नाशिकचा_गोली

लेफ्टबॅक, आकडे बरोबर, पण तुम्ही फार लवकर पाणी सोडताय. 19 मे 2017 आठवा. तेव्हा नियम वेगळा होता, दोन थेट आणि तिसरा लीग 1 शी खेळणार. शेवटच्या दिवसानंतरचं टेबल : स्ट्रासबुर 67, आमियाँ 66, त्रुआ 66, लाँस 65, ब्रेस्त 65, नीम 64. सहा क्लब तीन गुणांत! आमियाँ रँसमध्ये खेळत होता आणि 1-1 चालू होतं. तसंच संपलं असतं तर आमियाँ 64 वर, पहिल्या चारातही नाही. 90+6 ला एमानुएल बूर्गोने गोल केला आणि क्लब थेट दुसरा, लीग 1 मध्ये. तिसऱ्या जागेवर बसलेला लाँस चौथा झाला आणि त्याची संधी गेली. आमियाँ तर वर्षभरापूर्वीच तिसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेला.

दोन गोष्टी यातून. आमियाँ आणि त्रुआ दोघांचे 66, निकाल गोल फरकावर (केलेले वजा खाल्लेले गोल). आजही लीग 2 मध्ये गुण सारखे झाले की आधी एकूण गोल फरक, मग आपसातल्या मॅच. म्हणून 3-0 ने पुढे असताना चौथा गोल वाया जात नाही, आणि 0-2 ने मागे असताना बचाव मोकळा सोडून 0-4 करून घेणं मेमध्ये महागात पडतं.

दुसरी गोष्ट, रँस त्या सीझनला सातवा होता, त्याचं काहीच पणाला नव्हतं, तरी आमियाँला 96 व्या मिनिटापर्यंत झुंजवलं. ‘समोरच्याला आता देणं-घेणं नाही, तीन गुण फुकट’ असं वेळापत्रक वाचून धरू नका.

रात्रपाळी

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात. त्याआधी फरक साडेचार तासांचा, नंतर साडेतीन. शुक्रवारची तिकडची रात्री 8 ची मॅच एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे 11:30 ला, साडेआठची बरोबर 12 ला. सोमवारची 8:45 ची मंगळवारी 12:15 ला पडते, अलार्म लावताना वार तपासा. शेवटच्या फेरीत सगळ्या मॅच एकाच वेळी असतात, तेव्हा एका मॅचवर डोळे आणि दुसऱ्या खिडकीत लाइव्ह टेबल, हेच सोयीचं.

जखमी कोण, कोच कुणाला बसवणार, हे मोठ्या साइटवर छोट्या क्लबचं येत नाही. दंकर्कसाठी ‘ला व्वा द्यु नॉर’, आमियाँसाठी ‘कुरिए पिकार’ अशी स्थानिक वर्तमानपत्रं उघडा आणि भाषांतर लावा. पूर्वीचा फ्रान्स ब्ल्यू रेडिओ 2025 पासून ‘इसी’ नावाने चालतो, त्याची स्थानिक केंद्रं गावच्या क्लबचं धावतं वर्णन देतात. फ्रेंच येत नसलं तरी गोल झालेला कळतो.

हिशेबनीस

कागदाचा प्रश्न राहिला. अडकतं, आणि वाईट अडकतं. डीएनसीजी ही संस्था उन्हाळ्यात क्लबांचे हिशेब तपासते. पैसे दिसले नाहीत तर प्रमोशन नाकारते किंवा एक डिव्हिजन खाली ढकलते.

ल्युझनाक हे आरिएजमधलं सातशेच्याही आत वस्तीचं गाव, टाल्कच्या खाणीसाठी ओळखलं जाणारं. 2013-14 ला त्यांचा क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये दुसरा आला, म्हणजे लीग 2 पक्की. आधी डीएनसीजीने पैशांवरून अडवलं. ते कोर्टकचेरी करून सुटतंय असं वाटेपर्यंत लीगने स्टेडियम नियमात बसत नाही म्हणून नाकारलं. गावचं मैदान लहान, तुलूझचं रग्बीचं स्टेडियम घ्यायचा प्रयत्नही फसला. सीझन सुरू झाला तरी निर्णय नाही, शेवटी खेळाडूंचे करार मोडून संघच विसर्जित. त्या संघाचा कोच होता क्रिस्तोफ पेलिसिए. हाच माणूस 2017 ला आमियाँचा कोच होता, पुढे लोरियाँ (2020) आणि ओसेर (2024) यांनाही त्याने वर नेलं.

तेव्हा गुणांबरोबर क्लबच्या स्टेडियमची क्षमता, फ्लडलाइट आणि मालक कोण हेही मार्चपासूनच वाचत राहा.

कॉर्नरफ्लॅग

भरपूर मिळालं. एकच शंका : वरच्या एखाद्याला डीएनसीजीने जूनमध्ये खाली ढकललं, तर सहाव्याला प्ले-ऑफची संधी मिळते का?

हिशेबनीस

नाही. प्ले-ऑफ तोवर संपलेले असतात. रिकामी जागा खाली गेलेल्यांतून भरतात. ल्युझनाकऐवजी शातोरू लीग 2 मध्ये टिकला. 2023 ला सोशोला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये टाकलं तेव्हा खाली गेलेला आन्सी परत आला. 2025 च्या जूनमध्ये लीग 1 मधल्या लियाँवर कारवाई झाली तेव्हाही जागा मिळणार होती ती मेत्झकडून हरलेल्या रँसला, दंकर्कला नव्हे. जुलैमध्ये अपिलात लियाँ सुटला, ते सोडा.