तुतारी एक्स्प्रेसने दादर ते कुडाळ, स्लीपर: लोअर बर्थ कसा मिळवायचा?

ओल्या_काजूची_उसळ
आईबाबा (62 आणि 68) आणि आम्ही दोघं. 15 तारखेला रात्री दादरहून निघायचंय. चौघांचं एकत्र तिकीट काढलं तर त्यांना लोअर मिळतील का? बाबांचे गुडघे दुखतात, मिडलवर चढणं जमणार नाही. वेटिंग असलं तर चढू देतात का?

साइड_अप्पर
बर्थचं नंतर, आधी तारीख. तुतारी दादरहून 00:05 ला सुटते. 15 च्या रात्री निघायचं तर तिकीट 16 चं हवं. 15 चं काढलंत तर तुम्ही फलाटावर पोचाल तेव्हा गाडी सुटून 24 तास झालेले असतील, आणि चुकलेल्या गाडीचे पैसे परत मिळत नाहीत. दर सुट्टीत कोणीतरी यात फसतंच.

तत्काळलाही हाच हिशोब. 16 च्या गाडीचं स्लीपरचं तत्काळ 15 ला सकाळी 11 ला उघडतं, म्हणजे सुटायच्या जेमतेम 13 तास आधी. त्यावर विसंबून आईबाबांचा प्रवास ठरवू नका. साधं आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं, तेव्हाच काढा.

कोकणकन्येने जाणार असाल तर उलटा घोळ. ती सीएसएमटीहून रात्री 11 नंतर सुटते, त्यामुळे दादर-ठाण्याला एक तारीख आणि पनवेलला दुसरी.

जांभा_चिरा
चौघांचं एकत्र काढू नका. ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी आहे, तोही तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. तुमची नावं त्यात आली की कोटा गेला. आईबाबांचं वेगळं तिकीट काढा, कोट्याच्या रकान्यात 'लोअर बर्थ/सीनियर सिटिझन' निवडा. नुसतं 'लोअर प्रेफरन्स' टाकणं म्हणजे विनंती, मिळालं तर मिळालं. तुमचा डबा वेगळा येऊ शकतो, तेवढी तयारी ठेवा. त्यांचं आधी काढा, मग तुमचं.

बर्थचा नंबर आला की त्याला 8 ने भागा. बाकी 1 किंवा 4 उरली तर लोअर, 2 किंवा 5 मिडल, 3 किंवा 6 अप्पर, 7 साइड लोअर, शून्य साइड अप्पर. उदाहरणार्थ 41 ला बाकी 1, म्हणजे लोअर. 1 ते 8 आणि शेवटचे आठ (जुन्या डब्यात 65 ते 72, नव्या एलएचबी डब्यात 73 ते 80) संडासाजवळचे. गुडघेदुखीवाल्यांना ते बरे वाटतील, पण रात्रभर दार आपटतं आणि वासही येतो. मला विचाराल तर दुसरा-तिसरा कप्पा उत्तम.

वेटिंगवर स्लीपरमध्ये चढता येत नाही. ऑनलाइन तिकिटावरची सगळी नावं चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागल्यावरही वेटिंगलाच राहिली, तर तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. आरएसीवर (म्हणजे अर्ध्या बर्थच्या तिकिटावर) चढता येतं, पण एका साइड लोअरवर दोघांनी बसून जायचं. ज्येष्ठांना नको.

पनवेलकरीण
मिडल बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 या वेळातच उघडून लावायचा नियम आहे. तुतारी सुटतेच बारानंतर, त्यामुळे चढल्या चढल्या बर्थ लावून टाका. वरून लोंबणाऱ्या दोन्ही साखळ्या अडकवा आणि दोन्ही हातांनी बर्थ खाली ओढून बघा. अर्धवट अडकलेली साखळी धक्क्याने निसटते आणि बर्थ खालच्याच्या अंगावर येतो. खाली बाबा झोपणार असतील तर हे टीसीच्या, शेजाऱ्याच्या भरवशावर सोडू नका.

खिडकीला काच आणि पत्र्याचं झडप अशा दोन चौकटी असतात. वर करून कडेची खिट्टी बसल्याचा 'टक' आवाज ऐका, नाहीतर गाडी हलली की चौकट थेट बोटांवर. रात्री पत्र्याचंच झडप लावा: वारा येत राहतो आणि स्टेशनात बाहेरून हात घालता येत नाही. फोन उशाशी, खिडकीकडे नाही. सामानासाठी लोअर बर्थखाली कड्या असतात, साखळी-कुलूप घरून न्या. उशी-चादर स्लीपरमध्ये मिळत नाही. चार्जिंगचा पुरवठाही बऱ्याच डब्यांत रात्री 11 नंतर बंद असतो, तेव्हा फोन भरूनच चढा.

ओल्या_काजूची_उसळ
बाप रे, तारीख चुकलीच असती. कोट्यातून एकालाच लोअर आणि दुसऱ्याला साइड लोअर मिळालं तर?

साइड_अप्पर
आईंना साइड लोअर द्या. दोन्ही पाठी खाली पाडल्या की बर्थ तयार होतो, पण मधे सांधा राहतो आणि तो नेमका कमरेखाली येतो. नव्या डब्यांत वरून अंथरायची सलग फळी खिडकीकडे दुमडलेली असते, ती आधी शोधा. नसेल तर जाड सतरंजीची चौघडी सांध्यावर. उंच माणसाचे पाय मात्र तिथे पुरत नाहीत.

जांभा_चिरा
एक राहिलं. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं. दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवतात आणि मुसळधार पावसात 40 किमीवर आणतात. कुडाळला रिक्षा सांगून ठेवताना छापील वेळ धरू नका, रेल्वे चौकशीच्या 139 वर विचारा. आणि कणकवली गेली की सामान दाराशी आणायला लागा. थांबा दोनच मिनिटांचा आहे आणि बाबांना पायऱ्या उतरायला वेळ लागेल.