नुसत्या दंडाने नाही थांबणार
गाडी चालवताना फोन वापरण्याचा दंड वाढवला की पोरं सुधारतील असं काही जण म्हणतात, पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून हातात फोन धरून गाडी चालवणं कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच येतं, पहिल्या वेळी ५००० रुपयांपर्यंत दंड आहे, कैदही होऊ शकते, तरी पुण्यात कुठल्याही सिग्नलला बघा, कुणाचा फोन हेल्मेटमध्ये कानाशी खुपसलेला तर कुणाचा मांडीवर रील चालू. साठच्या स्पीडला दोन सेकंद खाली बघितलं तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते हो! माझ्या भाच्याला नोटिफिकेशन वाजलं की राहवतच नाही, म्हणून निघतानाच फोन सायलेंट करून डिकीत टाकायला लावतो, पत्ता आधीच बघून घे म्हणतो. आणि घरच्यांनीही तो गाडीवर असताना "कुठे पोचलास" म्हणून सारखे कॉल करणं बंद करायला हवं, ताईला हेच समजावतोय सध्या.