कोविशील्डचं अंतर २८ दिवसांवरून ८४: अभ्यास की तुटवडा?

नदीकाठ: आईचे कागद आवरताना कोविडच्या कोविशील्ड लसीचं प्रमाणपत्र हाती आलं. पहिला डोस एप्रिल २०२१, दुसरा थेट जुलैअखेर. दोन डोसांमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मार्चमध्ये ६ ते ८, १३ मेला १२ ते १६. हे अभ्यासावरून ठरत होतं की लसच नव्हती?

उंडारटप्पू: लस नव्हती, दुसरं काय! त्याच आठवड्यात महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवून साठा पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला होता.

सिस्टर_गावाकडची: मी तेव्हा आरोग्य केंद्रात एएनएम (लस टोचणारी परिचारिका) होते. तुटवडा होताच, पण अभ्यासही खरा होता. फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच लसीबद्दल आलं होतं: अंतर ६ आठवड्यांहून कमी असेल तर परिणामकारकता ५५ टक्के, १२ किंवा जास्त असेल तर ८१. ब्रिटनने तर डिसेंबरअखेरच अंतर वाढवलं, आणि जास्त लोकांना पहिला डोस मिळावा म्हणून वाढवतोय, हे उघड सांगितलं. गंमत म्हणजे आपण १३ मेला वाढवलं आणि १४ मेला त्यांनी पन्नाशीपुढच्यांसाठी ८ आठवड्यांवर आणलं. कारण डेल्टा, विषाणूचा तेव्हा पसरत असलेला नवा प्रकार.

आम्हाला काय आलं? व्हॉट्सॲपवर परिपत्रक. ८४ दिवसांआधी, म्हणजे १२ आठवड्यांआधी, कोविन हे सरकारी नोंदणी पोर्टल नोंदच घेईना. परत पाठवलेले एक आजोबा म्हणाले, "पोरी, संपली आसंल तर तसं सांग की, आमी काय मारतूय व्हय तुला?" लस कमी आहे, उशिराने आजच्या माहितीनुसार नुकसान नाही, पण विषाणू बदलतोय, नियम परत बदलेल, एवढ्या चार ओळी वरून आल्या असत्या तर मी रांगेत वाचून दाखवल्या असत्या. त्यात जूनमध्ये परदेशी जाणारे विद्यार्थी, नोकरदार आणि ऑलिंपिकचे खेळाडू यांना २८ दिवसांनी मुभा मिळाली. मग रांगेतले काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अर्धा_चहा: +१. शिवाय तज्ज्ञांतही एकवाक्यता दिसली नाही. लसीकरणावरच्या सरकारी सल्लागार गटातले डॉ. एम. डी. गुप्ते यांनी जूनमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेला सांगितलं की गटाचा पाठिंबा ८ ते १२ आठवड्यांना होता. त्याच गटाच्या कोविड कार्यगटाचे अध्यक्ष डॉ. एन. के. अरोरा म्हणाले, निर्णय एकमताने झाला. आता लोकांनी कोणाचं धरायचं?

नदीकाठ: म्हणजे आईला उशिरा मिळाला ते बरं झालं की वाईट?

सिस्टर_गावाकडची: तेव्हा वय काय होतं त्यांचं? साठीपुढच्या असतील तर ऐन डेल्टात मी ८ आठवड्यांनी दिला असता. पण कोविन कुठे माझं ऐकत होतं!