डीकनकाकांची पेटी
डीकनकाकांनी, म्हणजे चर्चचे सेवक-पदाधिकारी (डीकन) असलेल्या काकांनी, पुण्याच्या आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) ऑर्गन बाजूला सारून पेटी-तबल्याची प्रथा सुरू केली, असे त्यांच्याविषयी लिहिताना अनेकदा म्हटले जाते. त्यांच्या धडाडीचे कौतुक मलाही मान्य आहे, परंतु ही वाट फार जुनी आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीचे अभंग व भजने रचली, आणि 1919 मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रावरील महाकाव्य पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. काका स्वतःला त्याच परंपरेतले मानत.

काकांच्या गायनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, सेवाकार्याबद्दल मात्र थोडे, आणि माझ्या मते ही दोन्ही वेगळी काढताच येत नाहीत. आजारी सभासदांच्या घरी जाताना ते पेटी बरोबर नेत. अर्धांगवायूमुळे माझ्या आईची वाचा गेली होती, तरी काका तिच्या ओळखीच्या पट्टीत, सावकाश लयीत अभंग म्हणू लागले की एरवी साधे 'पाणी' म्हणू न शकणारी आई ध्रुवपद त्यांच्याबरोबर स्पष्ट म्हणत असे. ते पाहिल्यावर त्यांनी गायकवृंदातील मुलांनाही अशा घरी पाळीपाळीने पाठवण्यास सुरुवात केली, आणि तो क्रम आजही चालू आहे.