प्रति: हिरड्यांतले जंतू आणि प्रतिकारशक्ती

जंतू जितके जास्त तितक्या हिरड्या खराब, माउथवॉशने चूळ भरली की काम फत्ते, असं वर कुणीतरी म्हटलंय. इतकं सरळ नाही ते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले हिरड्यांच्या आजारांचे संशोधक जॉर्ज हाजिशेंगालिस यांचं काम बघा.

पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू. एकूण जंतूंमध्ये त्याचा वाटा ०.०१ टक्क्याहून कमी असला तरी बाकीच्यांचा तोल बिघडतो आणि दाताभोवतीचं हाड झिजतं, हे त्यांच्या गटाने २०११ साली उंदरांवर दाखवलं. गंमत म्हणजे जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत हा एकटाच सोडला, तर हाड शाबूत! म्हणजे हा पठ्ठ्या स्वतः दरोडा घालत नाही, पहारेकऱ्याला फितवतो. त्याची विकरं (एन्झाइम्स) आपल्याच सी५ या, रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या 'कॉम्प्लिमेंट' यंत्रणेतल्या प्रथिनाचे तुकडे करतात. त्यातल्या एका तुकड्याच्या संदेशामुळे पांढऱ्या पेशी जंतू मारायला कचरतात, सूज मात्र चालूच राहते. सुजेत मोडलेल्या ऊतींवर पुन्हा हेच जंतू पोसतात.

'इम्युनिटी बूस्टर' काढे विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इथे प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, भरकटते. म्हणूनच पुढे जंतूंऐवजी त्याच यंत्रणेतल्या सी३ या प्रथिनालाच आवर घालणारं औषध हिरड्यांच्या रुग्णांवर तपासलं गेलं.