मदत हवी आहे : ग्लायडर शर्यतीतील वर्ग कसे ठरवावेत?

नमस्कार.

सोलापुरात आम्ही काही जण दर शनिवारी रात्री संगणकावरच्या सिम्युलेटरवर ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनाविना उडणाऱ्या विमानांच्या, शर्यती घेतो. बहुतेक स्पर्धक अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, दोघेतिघे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत नोकरी करतात, आणि मी गणित शिकवीत असल्यामुळे निकालपत्रक करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. आजवर प्रत्येकाने हवे ते ग्लायडर घ्यावे आणि आधी पोचेल तो जिंकला असे मानावे, अशी आमची पद्धत होती. परंतु दिवाळीनंतर रीतसर मालिका घ्यायची आणि तिचे नियम एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या स्पोर्टिंग कोड या नियमावलीतील ग्लायडिंगच्या तिसऱ्या विभागाला व त्याच्या ‘ॲनेक्स ए’ या परिशिष्टाला धरून करायचे, असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. नियम मी वाचले आहेत, तरीही काही ठिकाणी गाडी अडते, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण स्टँडर्ड वर्गाची आहे. या वर्गात पंखविस्तार जास्तीत जास्त १५ मीटर असावा आणि पंखाला फ्लॅप (मागच्या कडेचे, वरखाली करून पंखाचा आकार बदलणारे भाग) नसावेत, एवढे सर्वांना मान्य आहे. आमच्यातील एक विद्यार्थी मात्र एएसजी २९ हे ग्लायडर १५ मीटरची टोके लावून उडवतो, आणि त्याचे म्हणणे असे की, फ्लॅपचा दांडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यावरच ठेवला तर त्याला स्टँडर्ड वर्गात धरायला हरकत नसावी. पुरावा म्हणून त्याने संपूर्ण उड्डाणाचे चित्रीकरण पाठवले आहे. ते मी थांबवून थांबवून पाहिले. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या उबदार हवेत) गिरक्या घेताना, दोन ढगांच्या मधला टप्पा वेगाने कापताना, अगदी शेवटच्या घसरणीतही दांडा जागचा हललेला नाही. मुलगा प्रामाणिक आहे आणि त्याचा मुद्दा मला एकदम झटकून टाकता येत नाही. बाकीचे स्पर्धक मात्र एलएस ८ आणि डिस्कस २ ही फ्लॅप नसलेली ग्लायडर घेतात, आणि त्यांना हे मुळीच पटत नाही.

दुसरी शंका एलएस ४ या ग्लायडरबद्दल आहे. ते स्टँडर्ड वर्गातही बसते आणि वेगवेगळ्या क्षमतेची ग्लायडर एकत्र उडतात त्या क्लब वर्गातही दिसते, तेव्हा एकाच स्पर्धकाला दोन्हीकडे नाव देता येईल का?

तिसरी शंका गुणांची आहे. दिवसाचे कमाल गुण १०००, पाच गुणिले विजयी अंतर (किलोमीटरमध्ये) वजा २५०, आणि चारशे गुणिले विजेत्याचे तास वजा २००, या तिघांपैकी सर्वांत लहान आकडा धरायचा, असे सूत्र आहे. आमचा शनिवारचा मार्ग साधारण १२० किलोमीटरचा असतो आणि विजेता सव्वा तासात परततो. अंतराच्या हिशोबाने ३५० आणि वेळेच्या हिशोबाने ३०० गुण येतात, म्हणजे पहिल्या येणाऱ्यालाही ३०० च मिळणार. मुलांना हे अन्यायाचे वाटते. सूत्र आहे तसेच ठेवावे की विजेत्याला हजार धरून सगळ्यांचे गुण त्याच प्रमाणात वाढवून द्यावेत?

शेवटचे म्हणजे, एखाद्या वर्गात तीनच स्पर्धक आले, तर तो वर्ग मानावा की नाही?

प्रतिसाद १

मी हडपसरच्या केंद्रावर विंचवरून (दोराने ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या यंत्रावरून) ग्लायडिंग शिकलो आहे आणि स्पर्धांचे नियम आवडीने वाचतो, म्हणून लिहितो.

स्टँडर्ड वर्गाच्या व्याख्येत तुमच्या प्रश्नाचे उत्तर सरळ दिलेले आहे. एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या भागांच्या) नेहमीच्या वापराखेरीज पंखाच्या छेदाचा आकार बदलणारी कोणतीही व्यवस्था तिथे निषिद्ध आहे, आणि उचल वाढवणारी साधने वापरता येण्याजोगी नसली तरीही निषिद्धच आहेत. वर्ग यंत्रावरून ठरतो. वैमानिकाने दांडा हलवला की नाही, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. त्या विद्यार्थ्याला हे मोकळेपणाने सांगावे, कारण त्याच्या सचोटीवर शंका घेण्याचे काही कारण नाही.

या कठोरपणामागे इतिहास आहे. १९५८ मध्ये पोलंडमधील लेश्नो येथे स्टँडर्ड वर्ग पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत आला, तो साधी आणि परवडणारी ग्लायडर घडावीत या हेतूने. पुढे फ्लॅपला काही प्रमाणात मुभा मिळाली आणि १९७६ मध्ये फिनलंडमधील रेयस्केला येथे इंगो रेनर यांनी फ्लॅप असलेल्या पिक-२० वर या वर्गाचे विजेतेपद मिळवले. मग फ्लॅपवाल्या यंत्रांसाठी १५ मीटरचा स्वतंत्र वर्ग आला आणि १९७८ मध्ये फ्रान्समधील शातोरू येथे तो जागतिक स्पर्धेत उतरला. तुमच्या विद्यार्थ्याची जागा त्या वर्गात आहे.

तीन स्पर्धकांचा प्रश्नही यातूनच सुटतो. फ्लॅप नसलेले १५ मीटरचे ग्लायडर १५ मीटर वर्गात खुशाल उतरू शकते, उलट मात्र चालत नाही. म्हणून वर्ग लहान पडला तर तो वरच्या वर्गात मिळवावा, पण हे पहिल्या शर्यतीपूर्वी जाहीर करावे. निकाल पाहून वर्ग जोडले किंवा तोडले, तर कोणाचाच विश्वास राहणार नाही. जागतिक स्पर्धेत वर्गाचे विजेतेपद ग्राह्य धरण्यासाठी किमान चार वैध दिवस लागतात, ही अट तुम्हीही ठेवावी असे मला मनापासून वाटते.

एलएस ४ दोन्ही वर्गांत चालते, पण एका मालिकेत एकच वर्ग निवडू द्यावा. स्टँडर्डमध्ये त्याला वेग वाढवण्यासाठी पंखांत पाण्याचे वजन घेता येईल, क्लब वर्गात घेता येणार नाही.

गुणांचे सूत्र मात्र बदलू नका. छोट्या दिवशी एखादा थर्मल चुकून हाती लागला तरी निकाल फिरतो, म्हणूनच त्या दिवसाचे वजन कमी ठेवलेले आहे. पूर्ण १००० हवे असतील तर मार्ग मोठा करा : विजयी अंतर २५० किलोमीटर आणि वेळ तीन तास झाली की दोन्ही सूत्रे हजारावर पोचतात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. क्लब वर्गाबद्दल एक भर घालतो. हँडिकॅपने (ग्लायडरच्या क्षमतेनुसार ठरलेल्या आकड्याने) केवळ वेगालाच भागायचे, असा पुष्कळांचा समज असतो. वाटेत उतरलेल्या स्पर्धकाच्या अंतरालाही त्याच आकड्याने भागावे लागते. समजा, १.०४ हँडिकॅपचे ग्लायडर १०४ किलोमीटरवर उतरले आणि १.०० चे १०२ किलोमीटरवर, तर पहिल्याचे अंतर १०० धरले जाईल आणि दुसरा पुढे जाईल. निकालपत्रकात यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उतरलेल्यांच्या अंतराचा रकाना माझ्या पत्रकात नव्हता, तो आजच घालतो. त्या विद्यार्थ्याशी आज सायंकाळी बोललो. नियमातील वाक्य वाचून दाखवल्यावर त्याने वाद न घालता १५ मीटर वर्ग स्वीकारला, आणि एलएस ८ वाल्यांपैकी दोघे आपणहून त्याच वर्गात येण्यास तयार झाले आहेत. महिन्यातून एक शर्यत रविवारी दुपारी घेऊन तिचा मार्ग २५० किलोमीटरच्या पुढे न्यावा, असा प्रस्ताव मी आता सर्वांसमोर ठेवणार आहे.